गाडी रस्त्यात बंद पडते तेव्हा

बिद्रीहून स्तवनिधीला जायचे म्हणजे मुदाळतिट्ट्याला वळून मुरगूडमार्गे निपाणी गाठायची आणि तेथून महामार्गाने तवंदी घाटाकडे निघायचे. अंतर फार नाही. सकाळी अभिषेकासाठी निघालेली कुटुंबे दुपारपर्यंत क्षेत्रावर रमतात आणि मग सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचून जेवण आटोपायचे असल्यामुळे परतीच्या वाटेवर सर्वांनाच घाई होते. रस्त्यावरची सर्वांत फसवी वेळ हीच. मुदाळतिट्ट्याकडे येताना मावळतीचे ऊन थेट डोळ्यांवर येते, दिवे लावावेत इतका अंधार झालेला नसतो आणि हंगाम चालू असेल तर उसाने भरलेल्या ट्रॉल्यांची रांग कारखान्याच्या दिशेने सरकत असते. अशा वेळी मागच्या चाकातून धप् धप् असा आवाज येऊ लागतो आणि चालवणारा गाडी जिथल्या तिथे उभी करतो. आजी-आजोबा, सून, नातवंडे सारे खाली उतरतात. एक जण डिकीतले सामान काढून डांबरावर ठेवतो, दुसरा चाकाशी वाकतो आणि मुले गाडीच्या मागे उभी राहून ही गंमत पाहतात.

हे दृश्य आपल्या भागात कोणी पाहिले नाही असे होणार नाही. त्यातला विशेष असा की, चाकातली हवा जाणे हा त्या क्षणी सर्वांत कमी धोक्याचा भाग असतो. टायर बदलता येतो. धोका असतो तो उभ्या गाडीमागून येणाऱ्या चालत्या वाहनांचा.

५ जून २०१६ च्या पहाटे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर पनवेलजवळ नेमके हेच घडले. टायर पंक्चर झाल्याने एक मोटार रस्त्याच्या कडेला उभी होती आणि तिच्या मदतीसाठी दुसरी मोटार थांबली होती. साताऱ्याहून मुंबईकडे निघालेली खासगी बस या दोन्ही गाड्यांवर आदळली आणि १७ जणांचा मृत्यू झाला. ५ ऑक्टोबर २०२२ ला, दसऱ्याच्या पहाटे, मुंबईच्या वांद्रे-वरळी सागरी सेतूवर एका अपघातानंतर मदतीसाठी माणसे आणि रुग्णवाहिका थांबलेली असताना मागून आलेली मोटार त्यांच्यात घुसली. त्यात पाच जण गेले आणि मदत करणारे सेतूवरील कर्मचारीही त्यांत होते. पहिल्या घटनेचे मूळ एका पंक्चरमध्ये होते. दुसऱ्या घटनेत तर माणसे चांगले काम करीत होती. रस्ता उभ्या माणसाचा हेतू पाहत नाही.

म्हणून गाडीत बिघाड जाणवताच पहिला विचार करावा तो गाडी कोठे थांबवायची याचा. दुरुस्तीचा विचार नंतर. चालवणाऱ्याची सारी कसोटी येथे लागते, कारण हवा गेलेल्या चाकावर गाडी पुढे नेली तर टायर फाटेल, रिम वाकेल या भीतीने माणूस वळणावर, पुलावर किंवा चढाच्या माथ्यावरच थांबतो. हा हिशेब चुकीचा आहे. टायर गेला तर काही हजारांचे नुकसान होते आणि ते भरून निघते. कमी वेगाने, चारही इंडिकेटर लावून, गाडी दोनशे-तीनशे मीटर पुढे नेऊन एखाद्या फाट्यावर, पेट्रोल पंपावर, शाळेच्या किंवा दूध संस्थेच्या मोकळ्या जागेत उभी करता येत असेल तर टायरचा लोभ सोडावा. इंजिन बंद पडले तरी गाडीला वेग असेपर्यंत ती डावीकडे घेता येते. मात्र इंजिन बंद झाल्यावर स्टिअरिंग जड होते आणि ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीन दाबांत संपते, म्हणून ब्रेक वारंवार न दाबता एकदाच दाबून धरावा. गाडी पूर्ण थांबेपर्यंत किल्ली काढू नये, नाहीतर स्टिअरिंग कुलूपबंद होते.

महामार्गावर चालत्या गाडीचा टायर फुटला तर जोराचा ब्रेक हा सर्वांत वाईट उपाय. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून गाडी सरळ ठेवावी, ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू उचलावा आणि वेग आपोआप उतरल्यावर कडेला यावे.

गाडी थांबल्यावर माणसे कोठे उभी राहतात याला फार महत्त्व आहे. सर्वांनी डाव्या दाराने उतरावे. चालवणाऱ्याने आपले दार उघडण्यापूर्वी मागे पाहावे, किंबहुना शक्य असेल तर त्यानेही डावीकडूनच उतरावे. महामार्गावर लोखंडी कठडा असेल तर त्याच्या पलीकडे जावे. गाडीच्या पुढे उभे राहणे सुरक्षित वाटते, परंतु मागून धडक बसली तर गाडी पुढेच ढकलली जाते. म्हणून गाडीपासून काही अंतर मागे, रस्त्यापासून दूर, येणारी वाहने दिसतील अशा ठिकाणी थांबावे. गुडघ्याच्या दुखण्यामुळे आजींना उतरणे कठीण असते म्हणून त्यांना आत बसवून ठेवण्याचा मोह होतो. वर्दळीच्या मार्गावर तो टाळावा. दोघांनी हात देऊन त्यांना उतरवावे आणि बसायला काही अंथरावे. याउलट गाडी रस्त्यापासून पूर्ण बाजूला, मोकळ्या आवारात उभी असेल आणि वस्ती निर्जन असेल, तर दारे लावून आत बसणेच बरे. रात्री उसाच्या फडाच्या कडेला किंवा पाटाच्या काठी उभे राहताना पायाखाली उजेड टाकावा. चार हात जमीन न्याहाळून पाऊल टाकण्याची ईर्यासमितीची शिकवण तेथे दोन्ही जीवांच्या उपयोगी पडते, आपल्या आणि पायाखालच्या.

आता लाल त्रिकोणाविषयी. हा परावर्तक त्रिकोण बहुतेक गाड्यांसोबत येतो आणि बहुतेक गाड्यांत तो पिशवीतून कधी बाहेर निघालेला नसतो. पाच मिनिटांच्या कामासाठी तो कशाला, असे वाटते. जो लावतो तो बहुधा गाडीच्या मागे आठ-दहा पावलांवर ठेवतो, म्हणजे न ठेवल्यासारखाच. ताशी ८० किलोमीटर वेगाने येणारी मोटार एका सेकंदात सुमारे २२ मीटर अंतर कापते. चालकाला दिसणे, समजणे आणि त्याने ब्रेक दाबून कोरड्या रस्त्यावर गाडी थांबवणे यांत साठ मीटरच्या आसपास अंतर जाते. ओल्या रस्त्यावर किंवा भरलेल्या ट्रकला त्याहून बरेच अधिक लागते. म्हणून गावच्या रस्त्यावर त्रिकोण किमान ५० मीटर, म्हणजे सत्तर-एक पावले मागे हवा आणि महामार्गावर १०० मीटरांहून जास्त. गाडी वळणानंतर किंवा चढाच्या पलीकडे बंद पडली असेल तर त्रिकोण वळणाच्या अलीकडे ठेवावा, मग अंतर कितीही होवो. ठेवायला जाताना त्रिकोण उघडून हातात समोर धरावा आणि रस्त्याच्या कडेने, येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून चालावे. मुनिसंघाच्या विहारात पुढे-मागे चालणाऱ्या स्वयंसेवकांच्या अंगात चकाकणारी जाकिटे आता अनेक ठिकाणी दिसतात. तसेच एक जाकीट डिकीत ठेवावे. ते साडीच्या किंवा सदऱ्याच्या रंगापेक्षा कितीतरी आधी दिसते.

बिद्रीसारख्या ठिकाणी या साऱ्याला आणखी एक बाजू आहे. श्री दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे हे गाव परिसरात ओळखले जाते आणि हंगामात या रस्त्यांचे रूपच बदलते. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, टायरच्या बैलगाड्या, मागे लोंबणारा ऊस आणि त्याआड झाकलेला दिवा, हे चित्र ऊस पट्ट्यात सर्वत्र सारखेच आहे. अंधारात अशी एखादी ट्रॉली ॲक्सल तुटून उभी असेल तर ती शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. म्हणून या दिवसांत रात्री गाडी चालवणाऱ्याने आपल्या दिव्यांचा उजेड जेथवर पोहोचतो तेवढ्यात थांबता येईल असाच वेग ठेवावा, आणि ट्रॅक्टरमालकाने परावर्तक पट्टी वा लाल कापड ट्रॉलीच्या फळीवर न लावता उसाच्या बाहेर दिसेल असे बांधावे. शेती आणि वाहने दोन्ही असलेली अनेक घरे या मासिकाच्या वाचकांत आहेत, त्यांना ही गोष्ट अधिक लागू पडते.

मदत कोणाकडे मागायची हे आधी ठरलेले असावे. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा क्रमांक आहे, कोणत्याही संकटात ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८. जागा सांगताना ‘निपाणीच्या जरा पुढे’ म्हणण्याने मदतीचा वेळ वाया जातो. रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगावा. राष्ट्रीय महामार्गाच्या दगडाचा माथा पिवळा असतो, राज्यमार्गाचा हिरवा. आतल्या रस्त्यांवर १०३३ चा उपयोग नाही. तेथे नेहमीच्या गॅरेजवाल्याचा क्रमांकच खरा आधार. विम्याच्या पॉलिसीत रस्त्यावरील मदतीची सोय घेतलेली असते, तिचे पैसेही दरवर्षी भरलेले असतात, आणि क्रमांक मात्र घरच्या कपाटातील फायलीत राहतो. तो मोबाईलमध्ये आणि कागदावर लिहून गाडीच्या कप्प्यात, अशा दोन्ही ठिकाणी असावा.

चाक बदलण्याचे काम वर्दळीच्या बाजूचे, म्हणजे उजव्या चाकाचे असेल आणि गाडी रस्त्यालगत असेल, तर ते स्वतः करू नये. हट्टाने केलेले हे काम फार महाग पडू शकते. जागा सुरक्षित असल्यास हँडब्रेक ओढून, गाडी गिअरमध्ये ठेवून, समोरच्या कोपऱ्यातील चाकाला पुढे-मागे दगड लावावेत. नट गाडी उचलण्यापूर्वीच पान्याने थोडे सैल करावेत. आपल्याकडच्या काळ्या मातीत जॅक खचतो, म्हणून डिकीत एक जाड फळी ठेवावी आणि जॅक तिच्यावर उभा करावा. जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात-पाय घालू नये आणि आत कोणी बसू नये. नवे चाक बसवल्यावर नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत, गाडी खाली घेतल्यावर पुन्हा पक्के करावेत. काही नव्या गाड्यांत स्टेपनी बारीक चाकाची असते. तिच्यावर दिलेली वेगमर्यादा, बहुधा ८० किलोमीटर, ही तेवढ्यापुरत्या वापरासाठी असते. पंक्चर काढेपर्यंत ती चालवावी, महिनाभर नव्हे.

उन्हाळ्यात घाट चढताना इंजिन तापते. काटा लाल रेषेकडे जाऊ लागला की वातानुकूलन बंद करावे, गाडी कडेला घेऊन इंजिन थांबवावे आणि अर्धा तास तरी थांबावे. रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नये. आतील पाणी दाबाखाली शंभर अंशांहूनही अधिक तापलेले असते आणि झाकण सैल होताच ते चेहऱ्यावर उसळते. बॉनेटमधून धूर किंवा ज्वाळा दिसत असतील तर मात्र बॉनेट उघडूच नये. किल्ली बंद करून सर्वांना दूर न्यावे, विशेषतः गाडी सीएनजीवर चालणारी असेल तर. सामानासाठी परत जाऊ नये. घाट उतरताना ब्रेक हलका लागू लागला तर खालचा गिअर टाकून वेग उतरवावा, ब्रेक पुन्हा पुन्हा दाबून पाहावा आणि हँडब्रेक एकदम न ओढता हळूहळू वापरावा.

पावसाळ्यात दूधगंगा आणि वेदगंगेचे पाणी रस्त्यांवर येते तेव्हा पाण्यातून गाडी घालूच नये, हे दरवर्षी सांगूनही ऐकले जात नाही. पाण्यात इंजिन बंद पडले तर ते पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न अजिबात करू नये. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेले असल्यास एका प्रयत्नात इंजिन निकामी होते, आणि असे नुकसान साध्या विम्यात बहुधा मिळत नाही. इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम घेतलेले असावे लागते. गाडी ढकलून किंवा ओढून बाहेर काढावी.

ओढण्यासाठी आपल्याकडे ट्रॅक्टर लगेच मिळतो ही सोय आहे. दोर गाडीच्या ठरलेल्या कडीलाच बांधावा. मागच्या गाडीत बसणाऱ्याने किल्ली चालू स्थितीत ठेवावी आणि ब्रेकसाठी बरेच बळ लागेल हे लक्षात ठेवावे. ऑटोमॅटिक गिअरची गाडी मात्र अशी ओढू नये. तिला उचलून नेणारे वाहनच बोलवावे.

दुसऱ्याची गाडी बंद पडलेली दिसली तर थांबावे की नाही, असा प्रश्न पडतो. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेल्या १३४अ या कलमाने अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे, त्यामुळे पोलिसांच्या भीतीने मागे फिरण्याचे कारण उरलेले नाही. परंतु आपली गाडी त्यांच्या मागे रस्त्यात लावून मदत करू नये. पुढे सुरक्षित जागी थांबून फोन करून देणे ही पुष्कळदा सर्वांत मोठी मदत असते.

बंद पडलेल्या वाहनामागे दगड आणि झाडाच्या फांद्या लावण्याची पद्धत जुनी आहे. काम झाल्यावर ते दगड रस्त्यातच सोडून वाहन निघून जाते आणि रात्री एखादा दुचाकीस्वार त्यांवर आदळतो. आपल्या हातून असा प्रमाद घडू नये म्हणून निघण्यापूर्वी प्रत्येक दगड कडेला टाकावा. सर्वांना गाडीत बसवावे आणि त्रिकोण सर्वांत शेवटी उचलावा. एवढ्यात सूर्य मावळला असेल तर ज्यांचा रात्रिभोजन त्यागाचा नियम आहे त्यांचे त्या दिवशीचे जेवण राहील. ती वेळ भरून काढण्यासाठी पुढचे अंतर वेगाने कापू नये. दुपारी निघतानाच डब्यात कोरडा फराळ आणि गाळलेले पाणी घेतलेले असले, तर दिवस मावळण्यापूर्वी रस्त्याकडेच्या झाडाखाली बसून दोन घास खाता येतात, आणि गॅरेजवाला येईपर्यंत मुलेही शांत राहतात.