नरतुरंगातला होल्मियमचा तारा

एप्रिलच्या मध्यावर, अमावास्येच्या आसपासच्या रात्री अकराच्या सुमारास परभणी जिल्ह्यातल्या कुठल्याही गावाबाहेर शिवारात दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा. क्षितिजालगत त्रिशंकूचे चार तारे दिसतील. त्यांच्या वर, थोडे उजवीकडे, हात लांब करून धरलेल्या मुठीपेक्षा जरा जास्त अंतरावर नरतुरंग तारकासमूहाचा पश्चिमेकडचा काठ येतो. डोळ्यांना तिथे विशेष काही दिसणार नाही. पण विश्वात आजवर सापडलेल्या सर्वांत चमत्कारिक ताऱ्यांपैकी एक तिथेच आहे.

त्याचा यादीतला क्रमांक एचडी १०१०६५. प्रत आठवी. नुसत्या डोळ्यांची मर्यादा सहाव्या प्रतीपाशी संपते, म्हणजे हा तारा त्याहूनही सहापट मंद. मात्र काळोख चांगला असेल तर साधी दुर्बीण पुरते. परभणी १९ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे तो आपल्याकडे क्षितिजापासून सुमारे २४ अंश वर चढतो. लंडन किंवा बर्लिनच्या माणसाला तो कधीच दिसत नाही. मराठवाड्याला दक्षिण आकाशाचा केवढा मोठा तुकडा आंदण मिळालेला आहे, हे आपण पुरेसे ध्यानात घेत नाही. तारा सुमारे ३५५ प्रकाशवर्षे दूर आहे. आज दिसणारा त्याचा प्रकाश तिथून निघाला तेव्हा रायगडावरचा राज्याभिषेक व्हायचा होता.

ऑस्ट्रेलियातल्या माउंट स्ट्रॉम्लो वेधशाळेत काम करणारे पोलिश खगोलशास्त्रज्ञ अँटोनी प्शिबिल्स्की यांनी १९६१ मध्ये या ताऱ्याचा वर्णपट जगापुढे आणला. आज तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. ताऱ्याचा प्रकाश पसरून पाहिला की त्यात काळ्या रेषा दिसतात, आणि प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या जागीच येतात. त्या रेषांवरून ताऱ्याचे तापमान आणि घटक कसे वाचायचे, याचा पाया मेघनाद साहांच्या १९२० च्या समीकरणाने घातला. सूर्यासारख्या ताऱ्याच्या वर्णपटात लोहाच्या रेषांची गर्दी असते. प्शिबिल्स्कींच्या ताऱ्यात लोह शोधावे लागते. त्याऐवजी रेषांची दाटी आहे ती होल्मियम, डिस्प्रोसियम, निओडिमियम या दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांची. यांतल्या काहींचे प्रमाण सूर्यातल्यापेक्षा दहा हजार पटींच्या घरात जाते. रेषा एकमेकींत इतक्या घुसलेल्या, की कुठली कोणाची हे ठरवताना अभ्यासकांची आजही दमछाक होते.

हे घडते कसे? १९७० मध्ये जॉर्ज मिशो यांनी दिलेले स्पष्टीकरण मला सर्वांत पटते. बहुतेक ताऱ्यांचा बाहेरचा थर सतत ढवळला जातो. हा तारा अतिशय संथ फिरतो आणि त्याचे चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या हजारो पट आहे, त्यामुळे वरचा थर निवांत राहतो. अशा निवांत थरात निवड सुरू होते. खळ्यावर ज्वारी उपणताना वारा भूस उडवतो आणि दाणा खाली पडतो, तसेच काहीसे. इथे वाऱ्याचे काम आतून येणारा प्रकाश करतो. ज्या अणूंना तो जास्त शोषता येतो ते वर ढकलले जातात, बाकीचे गुरुत्वाकर्षणाने खाली बसतात. दुर्मिळ मृदांचे अणू असंख्य तरंगलांबींचा प्रकाश शोषतात, म्हणून ते जड असूनही वर साठतात. थोडक्यात, हा तारा होल्मियमने भरलेला नाही, त्याची वरची साय तेवढी होल्मियमची आहे.

एवढ्याने कोडे संपत नाही. काही संशोधकांनी या वर्णपटात प्रोमेथियमच्या रेषा ओळखल्याचे सांगितले आहे. प्रोमेथियमच्या सर्वांत टिकाऊ समस्थानिकाचे अर्धायुष्य १७.७ वर्षे. ते खरेच तिथे असेल, तर सतत नव्याने तयार व्हायला हवे. मग कोणी जवळच्या न्यूट्रॉन ताऱ्याची कल्पना मांडतो, कोणी अद्याप न सापडलेल्या अतिजड मूलद्रव्यांच्या क्षयाची. पुढारलेली संस्कृती आपली खूण म्हणून ताऱ्यात एखादे दुर्मिळ मूलद्रव्य टाकील, ही कल्पना तर कार्ल सेगन आणि इओसिफ श्क्लोव्स्की यांच्या १९६६ च्या ग्रंथातही आहे. माझे मत असे की रेषांच्या एवढ्या गर्दीत एखादी रेष चुकीच्या खात्यावर जमा होणे सहज शक्य आहे, तेव्हा परग्रहवासीयांना हाक मारण्यापूर्वी रेषा पुन्हा तपासाव्यात.

१९७८ मध्ये डॉन कर्ट्झ यांना दक्षिण आफ्रिकेत आढळले की हा तारा सुमारे १२ मिनिटांच्या लयीत धडधडतो. तेजातला फरक एखाद्या टक्क्याचा. अशा वेगाने स्पंदणाऱ्या रासायनिक विचित्र ताऱ्यांचा एक वर्गच त्यातून उभा राहिला. १९९७ पासून नैनीतालच्या वेधशाळेने दक्षिण आफ्रिकेच्या जोडीने उत्तर आकाशात असे तारे शोधले, आणि त्यांना एचडी १२०९८ हा ७.६ मिनिटांच्या लयीचा तारा मिळाला.

राहतो शेवटचा प्रश्न. ताऱ्याने ही मूलद्रव्ये पृष्ठभागावर आणली, पण मुळात ती घडली कुठे? १७ ऑगस्ट २०१७ रोजी अमेरिकेतल्या दोन लायगो वेधशाळा आणि इटलीतली व्हर्गो यांनी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीच्या गुरुत्वीय लहरी टिपल्या. टक्कर नरतुरंगाला लागून असलेल्या वासुकी तारकासमूहात, सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षे दूर झाली होती. तीन ठिकाणच्या नोंदींमुळे दिशा कळली आणि अकरा तासांच्या आत दुर्बिणींनी ती जागा गाठली. टकरीनंतर तिथे उरलेल्या झळाळीच्या बदलत्या रंगातून दिसले, की अशा टकरींत दुर्मिळ मृदा मोठ्या प्रमाणावर तयार होतात. तुमच्या मोबाइलच्या स्पीकरमधल्या चुंबकातले निओडिमियमही काही अंशी अशाच टकरींतून आलेले असणार.

आणि पुढची लायगो उभी राहते आहे ती आपल्या शेजारी, औंढा नागनाथला. १ मे १९९९ पर्यंत हे गाव परभणी जिल्ह्यातच होते. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये या प्रकल्पासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांचे हे यंत्र कामाला लागले, की टकरीची दिशा आणखी अचूक सांगता येईल.

ते यंत्र चालवायला, त्याच्या नोंदी वाचायला माणसे लागतील. ती बाहेरूनच का यावीत? परभणी, जिंतूर, गंगाखेड, सेलूच्या शाळांनी येत्या चैत्रात मुलांना गावाबाहेर काळोखात न्यावे, एक दुर्बीण आणि एक तारानकाशा सोबत घ्यावा, आणि त्रिशंकूवरून वर सरकत हा आठव्या प्रतीचा ठिपका त्यांना शोधायला लावावा.