मेंढीच्या पायपिटीचा हिशेब

दिवाळी सरली की नारायणगावच्या परिसरात मेंढ्यांचे वाडे दिसू लागतात. पारनेर-संगमनेरच्या कोरडवाहू भागातून धनगर कुटुंबे येतात. संसार घोड्यावर, मेंढ्या पायी. रात्री एखाद्याच्या मोकळ्या शेतात जाळीच्या वाघरीत मेंढ्या बसवतात. शेताला लेंडीखत मिळते, मेंढपाळाला धान्य किंवा पैसे. काही दिवसांनी वाडा पुढच्या शेतात जातो. एकाच जागी राहिला तर काय बिघडेल?

यासाठी आपण मेंढीच्या चालण्याचा हिशेब मांडू. सपाट जमिनीवर १ मीटर चालताना मेंढीला दर किलो वजनामागे सुमारे २.६ ज्यूल जास्तीची ऊर्जा लागते. म्हणजे ३० किलोची मेंढी १० किलोमीटर चालली, तर ७८० किलोज्यूल खर्च झाले. नुसते शरीर चालू ठेवायला तिला दिवसाकाठी सुमारे ३,००० किलोज्यूल लागतात. चालण्याचा खर्च त्याच्या चौथाई झाला!

आता समजा, वाडा पक्का एका जागी आहे आणि चारा ३ किलोमीटर दूर. रोजच्या ६ किलोमीटर जाण्यायेण्यात सुमारे ४७० किलोज्यूल गेले. मेंढीच्या साधारण १०० ग्रॅम दुधात एवढी ऊर्जा असते. म्हणजे कोकराच्या तोंडचा घास वाटेतच संपला. वाडाच चाऱ्याजवळ नेला की हा खर्च वाचतो.

रानात पोचल्यावरही चालणे थांबत नाही. गवत दाट असेल तर मेंढी एका जागी बरेच घास घेते. विरळ किंवा आखूड असेल तर प्रत्येक घासासाठी पावले वाढतात आणि चरण्याचे तासही. म्हणून गवत पार संपेपर्यंत न थांबता वेळेवर हलणे शहाणपणाचे. कळप दाटीने हाकला तर मेंढी नुसती चालते. सैल पसरू दिला तर चरत चालते.

कुकडी प्रकल्पाचे पाणी आल्यापासून या भागात ऊस, द्राक्षे, टोमॅटो अशी बागायती वाढली. शेतकऱ्याचे भले झाले. पण मोकळी राने तुकड्या-तुकड्यांत उरली. एका तुकड्यातून दुसऱ्यात जाताना मेंढ्यांना बिनचाऱ्याची डांबरी वाट तुडवावी लागते. रान हिरवे दिसते, तरी मेंढीचा हिशेब तुटीचा होऊ शकतो.

वर्गात एक उदाहरण जरूर घ्यावे. चढताना मेंढीला १ मीटर उंचीसाठी दर किलोमागे सुमारे २८ ज्यूल लागतात. १०० मीटर उंच टेकडी चढणे हे किती सपाट चालण्याबरोबर होईल? (उत्तर : सुमारे १.१ किलोमीटर.) तेवढ्याच उंचीची स्थितिज ऊर्जा मात्र मीटरला, किलोमागे फक्त ९.८ ज्यूल भरते. उरलेली कुठे गेली? चढ चढून आलेल्या विद्यार्थ्याला आपल्या कपाळाला हात लावून पाहू द्या. उत्तर त्याच्या हाताला लागेल.