डबल ट्रबल!

एक सी की दोन? सिंगल एम की डबल? इंग्लिश स्पेलिंगमधल्या जुळ्या अक्षरांनी भल्याभल्यांची विकेट काढलीय. पण या जुळ्यांनाही एक लॉजिक आहे, आणि त्यातलं अर्धं तुम्ही शाळेतच शिकलायत!

क्लायंटला अर्जंट मेल पाठवायचाय आणि बोट कीबोर्डवर अडकलंय. ‘अकोमोडेट’मध्ये एम किती? शेवटी शब्दच बदलून ‘ॲडजस्ट’ टाकायचं आणि सुटायचं. ओळखीचं वाटतंय ना?

मेलमध्ये एखादं अक्षर चुकलं तर खपून जातं. पण सीव्हीवरच्या ‘प्रोफेशनल’ या शब्दातच दोन एफ पडले, तर समोरचा पुढचं सगळं चष्मा सरसावून वाचतो. शेजारच्या क्युबिकलमधला कॉन्व्हेंटवाला धडाधड टाइप करतो आणि मराठी मीडियमवाल्याला वाटतं, आपलं इंग्लिशच वीक. जरा थांबा, बॉस! इथे प्रॉब्लेम इंग्लिशचा कमी आणि कानांचा जास्त आहे.

कान का फसतात?

मराठीत जोडाक्षर स्पष्ट ऐकू येतं. ‘सखा’ वेगळा आणि ‘सख्खा’ वेगळा. ‘गडी’ आणि ‘गड्डी’त गल्लत केलीत, तर भाजीवालासुद्धा हसेल. इंग्लिशमध्ये मात्र जोडी लिहितात, पण सहसा उच्चारत नाहीत. ‘हॅपी’त पी दोन आहेत, ऐकू येतो एकच. आपण पडलो लिहिलेलं सगळं म्हणणारे, म्हणून आपला बर्थडे ‘हॅप्पी’ असतो.

मग हे मुकं अक्षर तिथे करतं काय? बऱ्याचदा बॉडीगार्डची ड्यूटी! आपल्याकडे स्वर कुठला ते काना, मात्रा, वेलांटी सांगते. इंग्लिशमध्ये ही सोय नाही. तिथे पुढच्या व्यंजनाला जोडीदार दिला, की आधीचा स्वर आखूड राहतो. एक पी असला तर ‘होपिंग’, म्हणजे आशा. दोन पी असले तर ‘हॉपिंग’, म्हणजे एका पायावर उड्या! एचआरला मेल करताना एक पी जास्त पडला, तर तुम्ही लंगडी घालत ऑफर लेटरची वाट बघताय असा अर्थ होतो. ‘डायनर’ आणि ‘डिनर’, ‘फायलिंग’ आणि ‘फिलिंग’, ‘लेटर’ आणि ‘लॅटर’ या सगळ्या जोड्यांत हाच खेळ आहे. दोन्ही शब्द डिक्शनरीत असल्यामुळे साधा स्पेलचेक इथे गप्प बसतो.

दहावीची ‘संधी’ सोडू नका

आता व्याकरणाचा तास आठवा. सत् अधिक जन म्हणजे सज्जन. उत् अधिक लेख म्हणजे उल्लेख. पहिल्या शब्दाचं शेवटचं अक्षर पुढच्याच्या रंगात रंगतं आणि जोडी जमते. लॅटिनमध्येही हेच होतं, आणि इंग्लिशमधल्या कितीतरी डबल अक्षरांचं मूळ तिथेच आहे.

‘अकोमोडेट’ची फोड करा: ॲड, कॉम आणि मोडस. ‘ॲड’चा डी पुढच्या सीला भेटून स्वतःच सी झाला, तर ‘कॉम’चा एम ‘मोडस’च्या एमला जाऊन चिकटला. म्हणून डबल सी, डबल एम. हिशोब क्लिअर! ‘इन’ला लीगल जोडलं की डबल एल येतो, मॅच्युअर जोडलं की डबल एम, रेग्युलर जोडलं की डबल आर.

हीच फोड नको तिथे डबल करण्यापासूनही वाचवते. ‘रेकमेंड’ म्हणजे री अधिक कमेंड, म्हणून सी एकच, एम दोन. ‘डिसअपॉइंट’ म्हणजे डिस अधिक अपॉइंट, म्हणून एस एक, पी दोन. आणि तो सीव्हीवरचा ‘प्रोफेशनल’? ‘प्रो’च्या शेवटी व्यंजनच नाही, मग संधी कुणाशी होणार? एफ एकच. डबल एस मात्र मूळ लॅटिन शब्दातूनच आलाय.

‘मिलेनियम’ने तर मोठमोठ्यांना गंडवलंय. लॅटिनमध्ये ‘मिल्ले’ म्हणजे हजार आणि ‘ॲन्नस’ म्हणजे वर्ष, म्हणून एलही दोन आणि एनही दोन. तरी १९९२ साली उघडलेल्या न्यूयॉर्कच्या मिलेनियम हिल्टन हॉटेलच्या नावात कित्येक वर्षं एकच एन होता!

अमेरिकेत १९२५पासून चालत आलेल्या नॅशनल स्पेलिंग बी स्पर्धेत मुलं हेच करतात. शब्द मिळाला की तो कुठल्या भाषेतून आला हे विचारायची तिथे मुभा असते. १९८५ साली बालू नटराजन हा भारतीय वंशाचा मुलगा तिथे पहिल्यांदा जिंकला आणि पुढे भारतीय वंशाच्या मुलांनी ही स्पर्धा गाजवली. त्यांचं पाठांतर दांडगं असतंच, पण शब्दाचं गाव विचारायची सवयही तितकीच कामाची.

जोर कुठे, जोडी तिथे

‘रेफर’ म्हणताना जोर शेवटी येतो, म्हणून भूतकाळात आर दोन. ‘ऑफर’ आणि ‘व्हिजिट’मध्ये जोर सुरुवातीला, म्हणून तिथे जोडी नाही. ‘रेफरन्स’मध्ये जोर पुढे सरकतो आणि आर पुन्हा एकटा पडतो. आपण इंग्लिश बोलताना हा जोर फारसा देत नाही, म्हणून इथे अंदाज चुकतो. शंका आली की शब्द एकदा मोठ्याने म्हणून बघा.

क्लायंट कुठला आहे हेही बघा. नोआ वेब्स्टरच्या १८२८च्या डिक्शनरीने रुळवलेल्या वळणाप्रमाणे अमेरिकन माणूस ‘ट्रॅव्हल्ड’ एका एलने लिहितो, ब्रिटिश दोनने. तुमच्या ईएमआयमधला ‘इन्स्टॉलमेंट’ मात्र उलटा: ब्रिटिशांचा सिंगल एल, अमेरिकनांचा डबल. हप्ता तेवढाच राहतो, सॉरी!

डेस्कवर चिकटवा

• नेसेसरी: शर्टाला कॉलर एक, स्लीव्ह्ज दोन. तसाच सी एक, एस दोन.
• सक्सेसफुल: सी दोन, एस दोन, पण शेवटी एल एकच. ‘फुल’ शेपटीला लागला की एक एल गळतो.
• कमिटी: एम, टी, ई सगळे डबल. कमिटीत माणसं जास्तच असतात!
• बुककीपर: ओ, के, ई अशा तीन जोड्या ओळीने. अकाउंट्सवाल्यांना सलाम!
• मिसस्पेल: मिस अधिक स्पेल, म्हणून एस दोन. निदान हा तरी चुकवू नका.
• एम्बॅरस: आर दोन, एस दोन. ‘हॅरस’मध्ये मात्र आर एकच.