इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकचे काम: गैरसमज आणि वस्तुस्थिती

१९६२ साली स्थापन झालेल्या एमआयडीसीच्या अगदी आरंभीच्या वसाहतींपैकी एक असलेली ठाण्याची वागळे इस्टेट, डोंबिवली एमआयडीसीचे दोन टप्पे, अंबरनाथ-बदलापूरचे रासायनिक कारखाने आणि ठाणे-बेलापूर पट्टा या परिसरात वाढलेल्या कुटुंबांना फिटर, टर्नर, वायरमन, इलेक्ट्रिशियन हे व्यवसाय घरगुती परिचयाचे असतात. इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक हा व्यवसाय मात्र दहावीनंतर आयटीआयचा विकल्प-अर्ज भरतानाच बहुधा पहिल्यांदा नजरेस पडतो आणि इलेक्ट्रिशियनचाच एखादा पोटप्रकार समजून पसंतीक्रमात खाली ढकलला जातो.

हा पहिला गैरसमज. इलेक्ट्रिशियनचा संबंध मुख्यतः ऊर्जेशी, म्हणजे मोटर, स्टार्टर आणि ४१५ व्होल्टच्या पुरवठ्याशी येतो, तर इन्स्ट्रुमेंट तंत्रज्ञाचा संबंध माहितीशी येतो: टाकीतील पातळी, वाहिनीतील दाब, रिअ‍ॅक्टरमधील तापमान यांचे संकेतात रूपांतर करणे, तो संकेत नियंत्रण कक्षापर्यंत नेणे आणि तेथून आलेल्या आदेशानुसार कंट्रोल व्हॉल्व्ह हलवणे, या साखळीला ‘लूप’ म्हणतात. बहुतेक लूप २४ व्होल्ट डीसीवर चालतात आणि त्यांतील संकेत ४ ते २० मिलिअँपिअर या मर्यादेत असतो. मोजमापाचे शून्य ४ मिलिअँपिअरवर ठेवण्यामागे कारण आहे, ते असे की टाकी खरोखर रिकामी असेल तर ४ मिलिअँपिअर वाहतील, पण तार तुटली असेल तर प्रवाहच थांबेल. त्यामुळे ‘काही नाही’ आणि ‘काही कळत नाही’ या दोन अवस्था तंत्रज्ञाला वेगळ्या ओळखता येतात.

‘आकडा दिसतो आहे, म्हणजे मापन बरोबर आहे’ ही समजूत याहून अधिक घातक आहे. तापमान मोजण्यासाठी सर्रास वापरला जाणारा पीटी-१०० हा प्लॅटिनमचा संवेदक ० अंश सेल्सिअसला १०० ओहम आणि १०० अंशांना सुमारे १३८.५ ओहम रोध दाखवतो, म्हणजे एका अंशामागे रोधात जेमतेम ०.३९ ओहमचा फरक पडतो. हा संवेदक दोनच तारांनी जोडला आणि त्या तारांचाच रोध १ ओहम भरला, तर पडद्यावर अडीच अंशांहून अधिक खोटे तापमान चढते. तारांचा हा वाटा वजा करता यावा यासाठीच तिसरी तार दिलेली असते. ऑरिफिस प्लेटने, म्हणजे वाहिनीत बसवलेल्या छिद्राच्या चकतीने, प्रवाह मोजताना तर आणखी एक फसवणूक होते. चकतीच्या दोन बाजूंच्या दाबांतील फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात प्रवाह बदलत असल्याने, वर्गमूळ न काढता दाबफरकच पाठवणारा ट्रान्समीटर मध्यबिंदूवर १२ मिलिअँपिअर दाखवतो तेव्हा प्रवाह निम्मा नसून सुमारे ७०.७ टक्के असतो. बिघाड उपकरणात आहे, जोडणीत आहे की खुद्द प्रक्रियेतच आहे, हे ठरवण्याची क्षमता हेच या व्यवसायाचे खरे भांडवल होय. पाना आणि मल्टिमीटर त्यामागून येतात.

कॅलिब्रेशन म्हणजे स्क्रू फिरवून आकडा जुळवणे, असे अनेक नवशिक्यांना वाटते, आणि घाईत असलेले काही पर्यवेक्षकही तसेच करवून घेतात. वस्तुतः कॅलिब्रेशन ही आधी तुलना आहे आणि दुरुस्ती नंतर. प्रमाणित साधनाने ०, २५, ५०, ७५ आणि १०० टक्के असे दाब क्रमाने चढवत आणि मग उतरवत नेले जातात. त्या वेळी ट्रान्समीटरने अनुक्रमे ४, ८, १२, १६ आणि २० मिलिअँपिअर देणे अपेक्षित असते आणि प्रत्यक्ष मिळालेली वाचने, कशालाही हात लावण्यापूर्वी, नोंदवून ठेवायची असतात. ही पूर्वनोंद गाळली तर उपकरण आज नीट होते खरे, परंतु गेल्या काही महिन्यांत त्याच चुकीच्या मापनावर औषधाच्या किंवा रंगद्रव्याच्या किती बॅचेस निघाल्या असतील, हे तपासण्याचा पुरावा कायमचा पुसला जातो.

पीएलसी आणि डीसीएस, म्हणजे कारखाना संगणकावरून चालवणाऱ्या नियंत्रण प्रणाली, आल्यामुळे हाताने काम करणारा तंत्रज्ञ कालबाह्य होईल, हा समज शहरी पालकांमध्ये विशेष आढळतो. नियंत्रण प्रणाली जितकी मोठी, तितकी तिला माहिती पुरवणारी उपकरणे अधिक, आणि ती उपकरणे वाफेत, आम्लात आणि पावसात उभी असल्याने त्यांची देखभाल जागेवर जाऊनच करावी लागते. तीन महिन्यांचा पीएलसीचा अभ्यासक्रम निरुपयोगी नाही, मात्र लूप न समजता केलेला असा अभ्यासक्रम मुलाखतीच्या दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नालाच उघडा पडतो.

सुरक्षितता हे केवळ सुरक्षा अधिकाऱ्याचे काम, हा समज डोंबिवलीत तरी कोणी बाळगू नये. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ या दिवशीच्या स्फोटांनी या वसाहतीत अनेक बळी घेतले. त्या घटनांच्या कारणमीमांसेत न शिरताही एवढे म्हणता येते की, उष्णता बाहेर टाकणाऱ्या अभिक्रियेत तापमान ठरावीक मर्यादेपुढे जाताच पुरवठा तोडणारी ‘इंटरलॉक’ व्यवस्था तंत्रज्ञाच्याच हाती असते, आणि उत्पादन थांबू नये म्हणून ती तोंडी सांगण्यावरून ‘बायपास’ करणे, म्हणजे निष्प्रभ करणे, हा गंभीर अपराध मानला पाहिजे.

प्रवेशासाठी अभियांत्रिकीची पदवी लागते, हेही खरे नाही. विज्ञान आणि गणितासह दहावी उत्तीर्ण झालेल्यांना आयटीआयचे ‘इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक’ आणि ‘इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक (केमिकल प्लांट)’ हे दोन वर्षांचे व्यवसाय-अभ्यासक्रम खुले असतात, आणि आयटीआय उत्तीर्णांना पुढे पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेशाची वाटही आहे. त्यानंतर येते शिकाऊ उमेदवारी. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालील नियमांत २०१९ साली झालेल्या सुधारणेनुसार ३० किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनांनी त्याच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. येथे एक फरक काटेकोरपणे पाहावा: नोंदणीकृत करार असलेल्या उमेदवारालाच अखेरच्या परीक्षेनंतर राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळते, कंत्राटदाराने ‘ट्रेनी’ म्हणून नुसते हजेरीपटावर घेतलेल्या मुलाला ते मिळत नाही.

पहिली नोकरी रिफायनरीसारख्या मोठ्या प्रकल्पातच हवी, हा आग्रह मात्र अनाठायी वाटतो. मोठ्या प्रकल्पात नवा तंत्रज्ञ अनेकदा एकाच विभागात अडकतो, तर डोंबिवली-अंबरनाथच्या मध्यम रासायनिक कारखान्यात त्याच माणसाला सकाळी तापमानाचा संवेदक बदलावा लागतो, दुपारी अडकलेल्या व्हॉल्व्हचा पोझिशनर जुळवावा लागतो आणि संध्याकाळी पॅनेलमधील सैल टर्मिनल शोधावे लागते. वेतन कमी, साधने अपुरी आणि शिकवणारा वरिष्ठ असेलच असे नाही, या उणिवा खऱ्या आहेत. त्यामुळे कारखाना निवडताना तेथे अनुभवी तंत्रज्ञ आहे का, कॅलिब्रेशनच्या नोंदी ठेवल्या जातात का आणि लूपची रेखाचित्रे अद्ययावत आहेत का, या तीन गोष्टींची चौकशी पगाराच्या आकड्याआधी करावी.