निरोगी कोंबडीला औषध कशाला?

कोंबड्यांच्या खाद्यात चिमूटभर औषध मिसळण्याची रीत अनेक ठिकाणी पडली आहे. पक्षी आजारी पडू नयेत व त्यांचे वजन लवकर वाढावे, हा त्यामागील हेतू. परंतु निरोगी पक्ष्याला दिलेले हे औषध उद्या आजारी माणसाच्या कामी येईनासे होते, हे प्रत्येक पशुपालकाने ध्यानात घेणे अगत्याचे आहे.

जंतूंचा नाश करणाऱ्या औषधांना प्रतिजैविके म्हणतात. अपुऱ्या मात्रेने जंतू मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात, असा इशारा पेनिसिलिनचे शोधक फ्लेमिंग यांनी १९४५ सालीच दिला होता. खाद्यातून दिली जाणारी मात्रा अशीच अपुरी असते. एकच कीटकनाशक वारंवार फवारल्यास कीड त्याला दाद देत नाही, हा कापूस पिकविणाऱ्यांचा अनुभव आहे. जंतूंचेही तसेच होते. दुबळे मरतात, चिवट उरतात आणि त्यांचीच वाढ होते.

कोलिस्टिन या औषधाचे उदाहरण बोधप्रद आहे. मूत्रपिंडास अपाय होतो म्हणून १९७० नंतर माणसांवरील उपचारांत ते मागे पडले. जनावरांत मात्र त्याचा वापर चालू राहिला. पुढे इतर औषधांना न जुमानणारे जंतू रुग्णालयांत आढळू लागले, तेव्हा अखेरचा उपाय म्हणून डॉक्टरांना पुन्हा कोलिस्टिनकडेच वळावे लागले. परंतु २०१५ साली चीनमध्ये डुकरांत, कच्च्या मांसात व रुग्णांतही कोलिस्टिनला दाद न देणारे जंतू सापडले. हा गुण एक जंतू दुसऱ्या जातीच्या जंतूलाही देऊ शकतो, असे दिसून आले. भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेली जनावरे, कोंबड्या, मत्स्यपालन व पशुखाद्य यांकरिता कोलिस्टिनचे उत्पादन, विक्री व वितरण यांवर बंदी घातली.

असे जंतू पाळणाऱ्याच्या हातांवरून, न कुजलेल्या कोंबडखतातून व दूषित पाण्यातून घरात शिरतात. मांस नीट शिजविल्यास ते मरतात. पण मांस कापलेल्या सुरीनेच कांदा-काकडी चिरली तर शिजविण्याचा उपयोग काय? दुधाची गोष्ट थोडी निराळी आहे. तापविल्याने दुधातील जंतू मरतात, परंतु त्यात उतरलेले औषध पूर्णपणे जात नाही. कासदाहावर उपचार चालू असलेल्या गाईच्या दुधाला कधी कधी विरजण लागत नाही, ते याच कारणाने.

यास्तव पुढील दक्षता घ्यावी. पशुवैद्यकाने सांगितल्याखेरीज प्रतिजैविक देऊ नये. सांगितलेली मात्रा व दिवस पूर्ण करावेत. मानमोडी आणि लाळ्या-खुरकूत हे रोग विषाणूंमुळे होतात. प्रतिजैविकाने ते विषाणू मरत नाहीत. तेथे वेळेवर लस टोचणे हाच खरा उपाय. उपचारानंतर वेष्टनावर लिहिलेले दिवस लोटेपर्यंत दूध, अंडी वा मांस विकू नये. तशी मुदत दिलेली नसल्यास दूध व अंड्यांसाठी किमान ७ दिवस आणि मांसासाठी किमान २८ दिवस थांबावे, असा नियम आहे. कोंबड्यांखालची गादी कोरडी ठेवावी, धार काढण्यापूर्वी हात व कास धुवावी आणि कोंबडखत चांगले कुजवूनच शेतात घालावे.

ग्रामसेवकांनी गावोगावी कुक्कुटपालकांना भेटून खाद्याच्या पोत्यावरील मजकूर वाचून दाखवावा व त्यात औषध आहे काय, हे समजावून सांगावे. स्वच्छता व लस यांवर केलेला खर्च पशुपालकाला परवडणारा आहे. पण घरातील मूल तापाने फणफणले असता औषध लागू पडेनासे झाले, तर ती हानी कशानेही भरून निघणार नाही.