सातारा-सांगलीच्या शूर भगिनी आणि आपण

साताऱ्याजवळचे अपशिंगे हे गाव ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखले जाते. या परिसराने सैन्याला पिढ्यान्‌पिढ्या मुलगे दिले आणि गावोगावच्या स्मारकांवर त्यांची नावे कोरली गेली. त्या नावांत स्त्रीचे नाव मात्र क्वचितच आढळते. सैनिकाची माता अथवा पत्नी म्हणून आपण तिला वंदन करतो. तिने स्वतः केलेली सेवा सहसा आपल्या स्मरणात राहत नाही.

आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग १९४९ पर्यंत साताऱ्यातच मोडत होता. याच भूमीत १९४३ मध्ये क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले आणि ‘तूफान सेना’ हे त्याचे लढाऊ दल बनले. नानांची कन्या हौसाताई पाटील या लढ्यात प्रत्यक्ष उतरल्या. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर त्यांना मारहाण होत असल्याचे सोंग रचले गेले. भांडण सोडविण्यासाठी पोलीस बाहेर आले आणि तेवढ्यात सहकाऱ्यांनी आतल्या बंदुका पळविल्या. गोव्यातील एका कामगिरीत त्यांनी मांडवी नदी रात्रीच्या अंधारात लाकडी पेटीवरून पार केली. ना गणवेश, ना हुद्दा, ना वेतन; तरीही ही सैनिकाचीच सेवा होती. २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले.

दुसरे नाव आपल्या काळातले आहे. साताऱ्याचे सुपुत्र कर्नल संतोष महाडिक १७ नोव्हेंबर २०१५ रोजी काश्मीरमधील कुपवाडा येथे दहशतवाद्यांशी लढताना हुतात्मा झाले. दोन लहान मुलांची आई असलेल्या स्वाती महाडिक यांनी त्यानंतर सैन्यात जाण्याचा निर्धार केला. वयाची मर्यादा उलटून गेली होती. सैन्याने ती अट शिथिल केली. परीक्षा, निवड आणि चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीतील खडतर प्रशिक्षण मात्र त्यांनी इतरांप्रमाणेच पूर्ण केले. सप्टेंबर २०१७ मध्ये त्या लेफ्टनंट झाल्या.

त्यांची नेमणूक आर्मी ऑर्डनन्स कोअरमध्ये झाली. शस्त्रे, दारूगोळा, कपडे, सुटे भाग यांचा साठा राखणे आणि तो वेळेवर पोहोचविणे हे या दलाचे काम. व्यापारी कुटुंबास त्याचे मोल निराळे सांगावयास नको. आपल्या गोदामातील एक नोंद चुकली तर पैशाचे नुकसान होते. तेथे चुकली तर सीमेवरील जवानाच्या प्राणाशी गाठ पडते.

अहिंसेचे उपासक असलेल्या आपण सैनिकांचा गौरव कसा करावा, असा प्रश्न काहींच्या मनात येईल. आपल्या शास्त्रकारांनी हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार भेद सांगितले आहेत. श्रावकाने संकल्पी हिंसेचा त्याग करावा; परंतु देश, धर्म आणि आश्रितांच्या रक्षणार्थ नाइलाजाने घडणारी विरोधी हिंसा गृहस्थास सर्वथा टाळता येत नाही, हे त्यांनी जाणले होते. श्रवणबेळगोळच्या एका प्राचीन वीरगळावर पतीसह रणांगणात जाऊन मृत्यू पावलेली सावियब्बे घोड्यावर, हाती तलवार घेतलेली दिसते. तो लेख तिला श्राविका म्हणून गौरवितो. हजार वर्षांपूर्वीच्या समाजाने तिचे नाव दगडावर कोरले. आपण आपल्या काळातील भगिनींची नावे निदान मुलांच्या कानी तरी घालावीत.

१९६१ मध्ये सुरू झालेल्या, देशातील पहिल्या म्हणजे साताऱ्याच्या सैनिक स्कूलमध्ये आता मुलींनाही प्रवेश आहे. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून ३० मे २०२५ रोजी १७ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. उद्या आपल्याही घरातील एखादी कन्या दुकानाच्या गादीऐवजी गणवेशाची वाट निवडू इच्छील. तेव्हा ‘आपल्यात हे चालत नाही’ असे म्हणून तिला थांबवू नये. आहार, व्रते, नियम यांची तिची अडचण काय ती तिच्याशी बसून समजून घ्यावी.

महावीर जयंतीच्या सत्कार समारंभात आपण दहावी-बारावीच्या गुणवंतांना गौरवितो. त्याच व्यासपीठावर यंदा आपल्या गावातील एखाद्या सेवारत वा निवृत्त महिला सैनिकाला सन्मानाने बोलवावे. आणि तिची ओळख करून देताना ती कोणाची पत्नी वा कोणाची कन्या हे नंतर सांगावे. प्रथम तिचे नाव आणि तिचा हुद्दा उच्चारावा.