पाटावरून हात न टेकता उठता येतं का?

“दिवसभर पाठ टेकायला फुरसत नसते, आणखी वेगळा व्यायाम कशाला?” असं पुष्कळजणी म्हणतात. पण मैत्रिणींनो, दमणं वेगळं आणि स्नायू बळकट होणं वेगळं. आपल्या आज्या जात्यावर दळत, पाणी शेंदत, खाली बसून स्वयंपाक करीत. आता ओटा आला, मिक्सर आला. कष्ट वाचले हे चांगलंच झालं. पण मांड्यांची ऊठबस संपली.

तिशी-चाळिशीनंतर स्नायू हळूहळू घटू लागतात. पाळी गेल्यावर हाडंही भराभर विरळ होतात. मांड्या दुबळ्या झाल्या की भार गुडघ्यांवर येतो. पोट-पाठ कमजोर असली की कंबर धरते. मग मोरीत पाय घसरला तर तोल सावरायचा कशाच्या बळावर? उतारवयात खुब्याचं हाड मोडतं ते बहुधा अशा पडण्यानंच.

आठवड्यातून निदान दोन दिवस मोठ्या स्नायूंना ताकदीचा व्यायाम द्यावा, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली सांगितलं आहे. त्याला साधनं नकोत की फी नको.

मांड्या : भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून हात न लावता उठा, सावकाश बसा.
पोटऱ्या : ओट्याला धरून टाचा उचला, हळूच टेकवा.
नितंब व कंबर : उताणं निजून गुडघे दुमडा, कंबर वर उचला, पाच अंक मोजून खाली आणा.
छाती व दंड : भिंतीवर तळवे टेकून जोर काढा.

प्रत्येक प्रकार आठ-दहा वेळा करा. श्वास कोंडू नका. सवय झाली की दोन फेऱ्या करा. सांधा दुखला तर थांबा. रक्तदाब, हृदयविकार, अंग बाहेर येणं किंवा नुकतंच ऑपरेशन झालं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

भरलेली बादली कमरेत वाकून नव्हे, तर गुडघे दुमडून, अंगालगत धरून उचला. भरलेला गॅस सिलिंडर जवळजवळ तीस किलोंचा असतो. तो एकटीनं उचलूच नका.

आणि खाण्याचं काय? पंचावन्न किलो वजनाच्या बाईला रोज सुमारे ४६ ग्रॅम प्रथिनं लागतात. सर्वांना वाढून उरलेल्या पातळ वरणावर ती भागत नाहीत. डाळ, उसळ, दही, शेंगदाणे, चालत असल्यास अंडं-मासे आपल्याही ताटात वाढून घ्या.

दोन महिन्यांनी पाटावरून उठून पाहा. फरक तुमचा तुम्हालाच कळेल!